प्रोटॉनांचा दाट झोत : ट्रॉम्बेचा लिनॅक कुठवर आला?

२०२३ साली ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ‘लेहिपा’ या रेषीय त्वरकातून (लिनॅकमधून) प्रोटॉन २० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेला पोचले. या लिनॅकच्या आराखड्यात दोन आकडे ठळक होते : ऊर्जा २० एमईव्ही आणि प्रवाह ३० मिलिअँपिअर. पहिला गाठला गेला. दुसरा अजून लांब आहे. सुरुवातीचा झोत तुटक स्पंदांचा होता आणि त्याचा प्रवाह आराखड्याच्या मानाने अगदी थोडा. अशा बातम्या बहुधा ऊर्जेच्या आकड्यापाशीच थांबतात, कारण कण किती वेगाने गेले हे सांगणे सोपे असते. ते किती गेले, किती वेळ न थांबता गेले आणि वाटेत किती सांडले, हा हिशेब मागे राहतो. दाट झोताच्या लिनॅकची कसोटी त्याच हिशेबात आहे, म्हणून या आढाव्यात ऊर्जेपेक्षा प्रवाहाकडे जास्त लक्ष दिले आहे.

कोणता लिनॅक?

आमच्या राळेगावात लिनॅक हा शब्द कानावर पडतो तो कॅन्सरच्या रुग्णाच्या घरी. सेवाग्रामला किंवा नागपूरला ‘शेक’ द्यायला नेतात, ते यंत्र लिनॅकच असते. मुंबईच्या ‘समीर’ या सरकारी संस्थेने घडवलेले देशी यंत्र सेवाग्रामच्या रुग्णालयात बसवले गेले होते, ही आपल्या भागाला अभिमान वाटावा अशी गोष्ट. मात्र तो इलेक्ट्रॉनांचा लिनॅक. इलेक्ट्रॉन इतका हलका की थोड्याशा ऊर्जेत तो प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतो. पुढे ऊर्जा वाढली तरी वेग फारसा वाढत नाही, त्यामुळे त्वरकाची बाकीची नळी एकाच मापाच्या कप्प्यांची चालते.

प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १,८३६ पट जड. लेहिपाच्या आयन-स्रोतातून तो ५० केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेने बाहेर पडतो तेव्हा त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जेमतेम १ टक्का असतो. ३ एमईव्हीला तो ८ टक्क्यांवर जातो, २० एमईव्हीला २० टक्क्यांवर, आणि १ जीईव्ही म्हणजे १,००० एमईव्ही झाल्यावर कुठे ८७ टक्क्यांवर. वेग असा बदलत राहत असल्याने वाटेतला प्रत्येक कप्पा आधीच्यापेक्षा थोडा लांब घडवावा लागतो. आयनांच्या लिनॅकची बहुतेक डोकेदुखी या सुरुवातीच्या संथ पट्ट्यात असते.

प्रोटॉन म्हटले की खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमधली प्रोटॉन-उपचार सुविधाही काहींना आठवेल. तिथला त्वरक सायक्लोट्रॉन आहे, आणि रुग्णाच्या शरीरात सोडायचा झोत नॅनोअँपिअरमध्ये मोजतात. लेहिपाचे उद्दिष्ट त्याच्या लाखो पट. दोन्हीकडे कण तोच, पण यंत्रे सर्वस्वी वेगळ्या जातीची.

पार्श्वभूमी

रेषीय त्वरकाची कल्पना स्वीडनच्या गुस्ताव इझिंगने १९२४ साली मांडली. १९२८ साली आखेन इथे रॉल्फ विडेरोने ती करून दाखवली. त्याने २५ हजार व्होल्टचा पर्यायी दाब वापरून पोटॅशियमच्या आयनांना दोनदा ढकलले आणि ५० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा दिली. एकच दाब पुन्हा पुन्हा वापरायचा, ही सगळी युक्ती. विडेरोचा लेख वाचून अर्नेस्ट लॉरेन्सला सायक्लोट्रॉन सुचला आणि पुढची दोन दशके रेषीय त्वरक मागे पडला, कारण उच्च वारंवारितेची शक्तिशाली रेडिओयंत्रणा उपलब्ध नव्हती. ती दुसऱ्या महायुद्धातल्या रडारने दिली. १९४७ साली बर्कली इथे लुई अल्वारेझने युद्धातून उरलेल्या सामग्रीवर २०० मेगाहर्ट्झचा लिनॅक उभारून प्रोटॉनांना ३२ एमईव्ही दिले. त्याने वापरलेल्या रचनेला आजही ‘अल्वारेझ डीटीएल’ म्हणतात, आणि लेहिपातला ३ ते २० एमईव्हीचा टप्पा त्याच रचनेचा आहे.

‘दाट’ झोताची हाव मात्र भौतिकशास्त्राच्या कुतूहलातून आलेली नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेला युरेनियम कमी पडेल अशी धास्ती होती. म्हणून लॉरेन्सच्या पुढाकाराने लिव्हरमोर इथे एक प्रचंड लिनॅक हाती घेतला गेला. त्याच्या झोतातून न्यूट्रॉन निर्माण करायचे आणि त्यांच्याकरवी प्लुटोनियम बनवायचे, असा बेत होता. काही वर्षांतच अमेरिकेच्या पश्चिम भागात भरपूर युरेनियम सापडले आणि प्रकल्प गुंडाळला गेला. कॅनडात डब्ल्यू. बी. लुईस यांनीही त्याच सुमारास त्वरकाने अणुइंधन पिकवण्याची कल्पना मांडली. हे लुईस होमी भाभांचे केंब्रिजपासूनचे स्नेही. साठच्या दशकात कॅनडाच्याच चॉक रिव्हर अणुकेंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १ जीईव्ही आणि ६५ मिलिअँपिअरचा अखंड झोत देणाऱ्या न्यूट्रॉन-जनित्राचा पूर्ण आराखडा केला. १९६८ साली सरकारने तो रद्द केला. साडेपाच दशके उलटली तरी ६५ मेगावॅटचा झोत जगात कुठेही नाही.

या दोन रद्द प्रकल्पांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. दाट झोताचा लिनॅक हे यंत्र नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी गरजेच्या आधाराने उभे राहिले आहे. ती गरज सरली की यंत्रही थांबले.

तांत्रिक कोंडी फुटली ती सोव्हिएत संघात. १९७० च्या सुमारास कापचिन्स्की आणि तेपल्याकोव्ह यांनी ‘आरएफक्यू’ ही रचना सुचवली. तांब्याच्या चार लांब पात्यांच्या कडांवर सूक्ष्म लाटा कोरलेल्या असतात, आणि त्यांच्यामधल्या रेडिओक्षेत्रातून कण जाताना एकाच वेळी तीन कामे होतात : झोत आवळला जातो, कणांचे पुंजके बनतात आणि त्यांना ऊर्जाही मिळते. त्याआधी या कामासाठी घराएवढे साडेसात लाख व्होल्टचे यंत्र लागत असे. १९८० साली अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेने आरएफक्यू चालवून दाखवली. १९९९ साली तिथेच ६.७ एमईव्हीच्या आरएफक्यूने १०० मिलिअँपिअरचा अखंड झोत दिला, आणि संथ पट्ट्यातून दाट झोत नेता येतो हे सिद्ध झाले.

गर्दीचे भौतिकशास्त्र

सगळे प्रोटॉन धनभारित, म्हणून एकमेकांना दूर ढकलणार. एक-दोन कण असतील तर काहीच बिघडत नाही. झोत दाट झाला की हे ढकलणे चुंबकांच्या आवळण्याशी झगडू लागते. वेग वाढला की ते झपाट्याने ओसरते. म्हणजे आयन-स्रोतापासूनचे पहिले काही मीटर सगळ्यांत नाजूक, आणि तिथे बिघडलेला झोत पुढे कितीही खर्च केला तरी सुधारत नाही.

या झगड्यात काही कण मुख्य पुंजक्यातून निसटतात आणि त्याच्याभोवती विरळ वलय धरतात. राळेगावच्या एखाद्या जिनिंगमध्ये पाऊल टाकले तर हे चटकन समजेल. रुईचा मोठा लोट यंत्रातून गाठीकडे सरळ जात असतो. धोका असतो तो हवेत उडून वासे, दिवे, मोटारी यांच्यावर बसणाऱ्या तुसाचा, कारण आग तिथून लागते. लिनॅकमध्ये वलयातले कण नळीच्या भिंतीवर आदळतात आणि धातू किरणोत्सारी होतो. दुरुस्तीसाठी माणसाला हात लावता यावा म्हणून दर मीटरला फार तर १ वॅट झोत सांडू द्यायचा, असा जगभरचा संकेत आहे. १० मेगावॅटच्या झोतात हे प्रमाण एका मीटरमागे एक कोटीत एक भाग इतके भरते. संगणकावर अशा वलयाचे भाकीत करणे आजही अवघड आहे, कारण लाखो कणांच्या गणितात नेमके काठावरचे मूठभर कण महत्त्वाचे ठरतात.

‘दाट’ या शब्दाचे दोन हिशेब आहेत, आणि ते न सांगता आकडे दिले तर घोटाळा होतो. अमेरिकेतल्या ओक रिजच्या न्यूट्रॉन स्रोतात स्पंदातला प्रवाह तीस-चाळीस मिलिअँपिअरच्या घरात असतो, पण झोत एकूण वेळेच्या सुमारे ६ टक्केच चालू असतो. सरासरी काढली तर दीड मिलिअँपिअरच्या आसपास. स्वीडनमधल्या लुंडच्या केंद्राचा आराखडा ६२.५ मिलिअँपिअर, २ जीईव्ही आणि ५ मेगावॅटचा आहे. तिथेही झोत ४ टक्के वेळच असणार. लेहिपाच्या आराखड्यातले ३० मिलिअँपिअर मात्र अखंड आहेत. २० एमईव्ही गुणिले ३० मिलिअँपिअर म्हणजे ६०० किलोवॅट. एवढी उष्णता एका छोट्या तबकडीवर अहोरात्र झेलायची, हाच स्वतंत्र अभियांत्रिकी प्रश्न आहे.

मुंबईतल्या दोन परंपरा

मुंबईत आयन-त्वरकांचा इतिहास जुना आहे. पन्नासच्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १० लाख व्होल्टचे कॅस्केड जनित्र होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ट्रॉम्बेत ५५ लाख व्होल्टचे व्हॅन डी ग्राफ आले. पुढे त्याचेच रूपांतर करून २००० साली ‘फोटिया’ हा ६० लाख व्होल्टचा त्वरक तयार झाला. कुलाब्यात १९८८ साली १४० लाख व्होल्टचे पेलेट्रॉन सुरू झाले आणि त्याच्या पुढे जोडलेला अतिसंवाहक लिनॅक २००७ साली पूर्णत्वाला गेला. तांब्यावर शिशाचा पातळ थर चढवलेल्या २८ कॅव्हिटी (म्हणजे कणांना ढकलणारे कप्पे), १५० मेगाहर्ट्झ वारंवारिता, द्रव हेलियमचा थंडावा, हे सारे टाटा संस्था आणि भाभा केंद्र यांनी मिळून इथेच घडवले. देशातला तो पहिला अतिसंवाहक लिनॅक.

ही झाली पहिली परंपरा : जड आयन, नेमकी ऊर्जा, बारीक झोत. अणुकेंद्राची रचना अभ्यासायला तेवढे पुरते. लेहिपा दुसऱ्या परंपरेतला, आणि तिला इथे पूर्वज नव्हते. म्हणून शिकण्यासाठी आधी ४०० केईव्हीची छोटी आरएफक्यू बनवली गेली. त्यानंतर ३ एमईव्हीची, सुमारे ४ मीटर लांबीची, ३५२ मेगाहर्ट्झची. तांब्याची पाती शेकडो अंश तापमानाला निर्वात भट्टीत जोडायची आणि जोडल्यावर काही दशांश मिलिमीटरचाही बाक चालत नाही. देशात हे काम पूर्वी कुणी केलेले नव्हते. मेगावॅटच्या पातळीची रेडिओशक्ती देणाऱ्या क्लायस्ट्रॉन नळ्याही देशात बनत नव्हत्या. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने घातलेल्या निर्बंधांत अणुऊर्जा खात्याच्या संस्थांची नावे होती, त्यामुळे सुरुवातीच्या काळात साधी उपकरणे मिळवणेही किती वेळखाऊ झाले असेल याची कल्पना येते. प्रकल्पाला वीसेक वर्षे लागली ती या पार्श्वभूमीवर पाहायला हवीत. अर्थात, तेवढ्यात जग थांबलेले नव्हते. चीनच्या लांचौ इथल्या संस्थेने २०२१ साली जवळपास याच ऊर्जेला, सुमारे २० एमईव्हीला, १० मिलिअँपिअरचा अखंड झोत दिला. झोताची शक्ती २०० किलोवॅटच्या आसपास गेली. लेहिपाची तुलना करायची तर या आकड्याशी करावी लागेल.

कशासाठी?

भारतात या यंत्रामागची मूळ प्रेरणा थोरियम. आपल्याकडे युरेनियम बेताचे आणि किनाऱ्याच्या वाळूत थोरियम विपुल. थोरियम स्वतः इंधन नाही. त्याने न्यूट्रॉन गिळला की युरेनियम-२३३ तयार होते, ते इंधन. हे न्यूट्रॉन आणायचे कुठून? भाभांच्या त्रिस्तरीय कार्यक्रमात ते शीघ्र प्रजनक अणुभट्ट्यांतून येतात. नव्वदच्या दशकात लॉस अलामोसचे चार्ल्स बोमन आणि सर्नचे कार्लो रुबिया यांनी दुसरा मार्ग पुन्हा चर्चेत आणला. १ जीईव्हीचा एक प्रोटॉन शिशासारख्या जड धातूवर आदळला की वीस-पंचवीस न्यूट्रॉन बाहेर पडतात. हे न्यूट्रॉन अशा अणुभट्टीत सोडायचे, जी स्वतःच्या बळावर साखळी चालू ठेवू शकत नाही. झोत बंद केला की भट्टी विझते. भारतातल्या शास्त्रज्ञांनी शतक पालटताना या विषयाचा पथदर्शी आराखडा केला आणि त्यातली पहिली पायरी २० एमईव्हीची, म्हणजे लेहिपा.

याचे ढोबळ गणित मांडून पाहू. १ जीईव्ही आणि १० मिलिअँपिअर म्हणजे १० मेगावॅटचा झोत. भट्टीचा गुणकांक (एका पिढीतल्या दर न्यूट्रॉनमागे पुढच्या पिढीत किती; १ झाला की साखळी स्वतः चालते) ०.९७ ठेवला तर सुमारे ६०० मेगावॅट उष्णता आणि २०० मेगावॅट वीज मिळते, म्हणजे आपल्या २२० मेगावॅटच्या जड पाण्याच्या अणुभट्टीच्या जवळपास. त्यातली तीसेक मेगावॅट त्वरक स्वतःच खाणार. सुरक्षेसाठी गुणकांक ०.९५ वर आणला तर वीज १२० मेगावॅटवर घसरते, त्वरकाची भूक तेवढीच राहते आणि हिशेब पार बदलतो. म्हणजे भट्टी जितकी निर्धोक ठेवाल तितका दाट झोत लागणार. या एका ओढाताणीत पुढचा बहुतेक वाद येतो.

भूमिका

त्वरकचलित भट्टीच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा विजेपेक्षा कचऱ्याचा आहे. वापरलेल्या इंधनातले अमेरिशियम, क्युरियम यांसारखे दीर्घायुषी घटक साध्या भट्टीत मोठ्या प्रमाणात जाळता येत नाहीत, कारण त्यांच्या विखंडनात उशिरा सुटणारे न्यूट्रॉन कमी असतात आणि भट्टी आवरणे कठीण होते. साखळी मुळातच अपुरी असलेल्या भट्टीत ही अडचण राहत नाही. बेल्जियममधल्या मोल इथला ‘मिऱ्हा’ प्रकल्प याच तर्कावर उभा आहे : ६०० एमईव्ही, ४ मिलिअँपिअर, आणि पहिल्या टप्प्यात १०० एमईव्हीपर्यंतचा लिनॅक. थोरियमची बाजू मांडणारे म्हणतात की प्रजनक भट्ट्यांची संख्या वाढायला दशके लागतील, त्या काळात त्वरक थोरियमला हात घालू शकतो.

दुसरी बाजू म्हणते की हे घोड्यापुढे गाडी जुंपणे आहे. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅटच्या प्रजनक भट्टीत गाभा भरण्याचे काम मार्च २०२४ मध्ये सुरू झाले. न्यूट्रॉनांचा तो मार्ग सिद्ध तत्त्वावर आहे आणि त्याला कुठल्या त्वरकाची गरज नाही. शिवाय थोरियम वापरायला त्रिस्तरीय कार्यक्रमातल्या तिसऱ्या टप्प्याचीही वाट पाहू नये, असेही एक मत आहे. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी अलीकडच्या काळात थोडे जास्त समृद्ध युरेनियम आणि थोरियम यांचे मिश्र इंधन सध्याच्याच जड पाण्याच्या भट्ट्यांत वापरण्याचा पुरस्कार केला आहे. हा मार्ग चालला तर थोरियमसाठी त्वरक हवाच, या युक्तिवादाची धार कमी होते. कचऱ्याचा मुद्दा तरीही शिल्लक राहतो.

तिसरा गट विजेच्या वादात पडत नाही. त्यांना न्यूट्रॉन हवेत ते पदार्थांची रचना पाहण्यासाठी, वैद्यकीय समस्थानिकांसाठी, अणुभट्टीतले धातू किरणांत किती टिकतात हे तपासण्यासाठी. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राने १ जीईव्हीच्या देशी न्यूट्रॉन स्रोताची कल्पना बराच काळ जपली आहे. मला ही भूमिका आज सर्वांत व्यवहार्य वाटते, कारण इथे झोत मिनिटभर तुटला तरी प्रयोग वाया जात नाही आणि प्रत्येक टप्प्यावर उपयोग करणारे हजर असतात.

यंत्राच्या जातीवरही एकमत नाही. रुबियांनी सुरुवातीला सायक्लोट्रॉन सुचवला होता, आणि स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतला ५९० एमईव्हीचा सायक्लोट्रॉन आजही १.४ मेगावॅटपर्यंतचा झोत देतो. २००६ साली तिथेच वितळलेल्या शिसे-बिस्मथच्या लक्ष्यावर काही महिने असा झोत यशस्वीपणे सोडला गेला. सायक्लोट्रॉन आटोपशीर आणि स्वस्त. पण दहा मेगावॅटपर्यंत जायचे तर लिनॅकच, असे आता बहुतेक जण मानतात. एक कॅव्हिटी बंद पडली तर शेजारच्या कॅव्हिटींचा जोर वाढवून झोत चालू ठेवता येतो, ही सोय सायक्लोट्रॉनमध्ये नाही.

लिनॅकमध्ये पुन्हा तांबे की नायोबियम? अखंड झोतासाठी तांब्याच्या कॅव्हिटीत बरीचशी रेडिओशक्ती भिंती तापवण्यात जाते. नायोबियमची कॅव्हिटी २ केल्व्हिनला ठेवली तर ती झीज जवळजवळ शून्य. मात्र त्या तापमानातली १ वॅट उष्णता उपसायला बाहेर जवळपास हजार वॅट वीज लागते. तरीही जमाखर्च नायोबियमच्या बाजूने झुकतो. लांचौचा लिनॅक आणि शिकागोजवळच्या फर्मीलॅबचा ८०० एमईव्हीचा नवा ‘पिप-२’, दोन्ही आरएफक्यू संपताच अतिसंवाहक होतात. लेहिपा २० एमईव्हीपर्यंत तांब्याचा आहे. टीकाकारांना हा जुन्या पिढीचा आराखडा वाटतो. ज्यांनी तो घडवला त्यांचे म्हणणे असे की आराखडा ठरला तेव्हा संथ प्रोटॉनांसाठीच्या अतिसंवाहक कॅव्हिटी जगातही प्रयोगावस्थेत होत्या, आणि डीटीएल बनवताना जी कारागिरी साधली ती वाया जात नाही. दोघांचेही खरे आहे.

पिप-२ मुळे आणखी एक चर्चा सुरू झाली. २००९ पासून भाभा केंद्र, इंदूर, कोलकाता आणि दिल्लीच्या संस्था फर्मीलॅबबरोबर काम करत आहेत. २०१८ मध्ये दोन्ही देशांच्या खात्यांत करार झाला. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ केंद्रात इलेक्ट्रॉन-झोताने वेल्डिंग केलेल्या नायोबियम कॅव्हिटी, ट्रान्झिस्टरांच्या जोरावर चालणारे भारतीय रेडिओ-ॲम्प्लिफायर, चुंबके यांची फर्मीलॅबमध्ये चाचणी झाली. आपली सामग्री परदेशी यंत्रात आधी बसते आणि घरचे यंत्र मागे राहते, ही एक तक्रार. उलट बाजूने सांगितले जाते की कडक तपासणीतून गेलेली कॅव्हिटी हीच पुढच्या देशी लिनॅकची तयारी. पिप-२ मध्ये फक्त २ मिलिअँपिअरचा ऋण हायड्रोजन आयनांचा झोत आहे, हे मात्र विसरता कामा नये. तिथे अतिसंवाहक तंत्र शिकता येते. ३० मिलिअँपिअरची गर्दी हाताळणे ट्रॉम्बेतच शिकावे लागेल.

काय ठरायचे आहे

सर्वांत कठीण प्रश्न झोतात पडणाऱ्या खंडांचा. आजचे मोठे त्वरक वर्षात शेकडो-हजारो वेळा काही सेकंदांसाठी अडखळतात. त्यांच्या वापरकर्त्यांचे त्यात फार बिघडत नाही. अणुभट्टीत मात्र झोत तुटला की इंधनाची नळकांडी एकदम थंड होतात, परत आला की एकदम तापतात, आणि धातू थकतो. म्हणून मिऱ्हाने तीन महिन्यांत तीन सेकंदांहून मोठे खंड दहापेक्षा जास्त चालणार नाहीत अशी अट ठेवली आहे. वीज विकायची असेल तर अट याहूनही कडक हवी. किती कडक, यावर अणुभट्टीवाले आणि त्वरकवाले यांचे अजून जुळलेले नाही. भट्टीच सोसू शकेल अशी बनवावी, असेही काही जण म्हणतात.

दुसरा प्रश्न झोत आणि भट्टी यांच्या जोडणीचा. ट्रॉम्बेत ‘ब्रह्मा’ नावाची छोटी उपक्रांतिक, म्हणजे साखळी स्वतः चालू ठेवू न शकणारी, रचना आहे. तिचा गुणकांक ०.८९ च्या आसपास, आणि न्यूट्रॉन येतात ड्युटेरियम-ट्रिटियम जनित्रातून. भट्टी क्रांतिकतेच्या किती जवळ आहे हे चालू असताना कसे मोजायचे, याचा अभ्यास तिथे होतो. पण त्या रचनेत शक्ती नगण्य असते. मोठ्या झोतावर चालणारी खरी उपक्रांतिक भट्टी जगात अजून एकही नाही. लक्ष्य म्हणून वापरायच्या शिसे-बिस्मथमध्ये किरणोत्सारी पोलोनियम तयार होते, पोलादाला ते द्रव धातू झिजवतात, आणि झोत निर्वात नळीतून लक्ष्यात शिरतो तिथली धातूची खिडकी किती दिवस टिकेल हेही खात्रीने सांगता येत नाही.

तिसरा प्रश्न आपल्याकडचा. विशाखापट्टणमच्या नव्या केंद्रात लेहिपाच्या पुढचा, २०० एमईव्हीच्या घरातला टप्पा योजलेला आहे. तो लेहिपाच्या तांब्याच्या टप्प्याला जोडायचा, की ३ एमईव्हीच्या आरएफक्यूपासून नव्याने अतिसंवाहक बांधायचा? पहिल्यात हाती आलेले वापरले जाते. दुसऱ्यात ट्रॉम्बेचा डीटीएल शिकवणी म्हणून उरतो आणि कदाचित समस्थानिके किंवा न्यूट्रॉन-प्रयोगांसाठी स्वतंत्र यंत्र बनतो. कॅव्हिटीच्या पुरवठ्याचाही प्रश्न याला जोडलेला आहे. एकेका प्रकल्पासाठी मूठभर कॅव्हिटी लागत असतील तर कुठलाही खासगी कारखाना त्यासाठी यंत्रे घेऊन बसणार नाही, आणि एकदा तयार झालेले कारागीर पुढची मागणी येईपर्यंत दुसऱ्या कामाला लागतात.

या निर्णयासाठी लागणारी माहिती लेहिपाच देऊ शकतो : स्पंद लांबवत नेले, प्रवाह एक-दोन मिलिअँपिअरवरून दहावर आणि मग तीसकडे नेला, तर वलय किती पसरते, नळी कुठे तापते, रेडिओयंत्रणा आठवड्यात किती वेळा कोलमडते. हे मोजमाप टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत गेले तर विशाखापट्टणमचा आराखडा अंदाजाऐवजी त्या आकड्यांवर बेतता येईल.